सोमवारची नोंद

प्रशिक्षण केंद्र, नाशिक
रविवार, ९ फेब्रुवारी २००३

सावळीराम दाजींना यादवचा नमस्कार, आणि मैनाताईच्या पाया पडतो.

आधीच्या दोन पत्रांना उत्तर नाही, तरी लिहितोय. मळ्यात शेवंती संपत आली असेल. मी बरा आहे. सकाळी परेड, दिवसभर कायदा. शिपायाचा फौजदार व्हायचं म्हणजे चौतिसाव्या वर्षी पुन्हा पाठांतर! अटकेचं प्रकरण उघडलं की पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटतं.

मागच्या आठवड्यात सरांनी विचारलं, "माणसाला चोवीस तासांत कोर्टापुढे न्यायचं. हे तास कधीपासून मोजायचे?"

कुणीतरी म्हणालं, "डायरीत नोंद झाल्यापासून."

"चूक. त्याला उठून जायची मोकळीक राहिली नाही, त्या क्षणापासून."

माझ्या शेजारचा फकिरा म्हणाला, "सर, हे परीक्षेपुरतं. ठाण्यात कोण घड्याळ बघतंय?" सगळे हसले. मीही हसलो, दाजी.

चाचणीत तोच प्रश्न आला. उत्तर येत होतं, तरी जागा कोरी सोडली. सरांनी सगळ्यांसमोर झापलं. त्यांना काय सांगणार?

चार वर्षांपूर्वी पाण्याच्या मोटारी चोरीला गेल्या तेव्हा ठाण्यातल्या साहेबांनी तुम्हाला आणायला मलाच पाठवलं, कारण माझ्या शब्दावर तुम्ही याल. शुक्रवारची दुपार होती. "दोन प्रश्न विचारून सोडतील," असं मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, "चल की, मला काय भ्याव हाय?" आणि हात धुऊन निघालात. सोमवारपर्यंत तुम्ही आत होता. डावा कान तिथंच गेला. मी बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होतो. इथं नाशकात द्वारका चौकात ताईनं मला बघून तोंड फिरवलं, ते ह्यासाठीच.

पण एक गोष्ट तुम्हा दोघांना माहीत नाही. अटक सोमवारी सकाळी नऊला झाली, अशी डायरीत नोंद आहे. तिच्याच जोरावर तीन दिवस डांबून मारल्याची तुमची तक्रार खात्यानं खोटी ठरवली. सही साहेबांची आहे, अक्षर माझं. "यादव, तुझं अक्षर चांगलं आहे, लिही," म्हणाले. मी लिहिलं. मला कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. नुसतं सांगितलं आणि मी लिहिलं.

आज सुट्टी म्हणून तुमच्या वकिलांच्या घरी जाऊन आलो. पंचवीस तारखेच्या सुनावणीला साक्षीदारच नाही म्हणाले. मी त्यांना माझं नाव दिलं. फकिरा म्हणतो, "वेडा झालास का? फौजदारी जाईल, आहे ती नोकरीही जाईल." जाऊ दे. चीड त्याची नाही. एवढं कळायला चार वर्षं लागली, आणि तेही पुस्तकातून कळावं, ह्याची आहे.

माफी मागायचं तोंड नाही. कोर्टात माझ्याशी बोलू नका, पण या. शुक्रवारी मीच तुम्हाला आणलं आणि सोमवारची नोंद खोटी आहे, हे तुमच्या देखत शपथेवर सांगायचंय.

अजून म्हणवत असेल तर तुमचा मेहुणा,
यादव