शाळेचा रस्ता आणि प्रभाग सात

२ तारीख, सोमवार
अर्ज भरला. दुसऱ्यांदा. पहिला पाच वर्षांपूर्वी, तेव्हा निवडून आले होते. कारकुनाने विचारलं, व्यवसाय काय लिहू? म्हटलं, नर्सच लिहा, नगरसेविका हा काही व्यवसाय नव्हे.

बाहेर पडते तर समोर रंगवाला – हातात अर्ज! म्हणजे खरंच उभा राहतोय. शाळेच्या रस्त्यावर त्याचं रंगांचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी तिथे ट्रकखाली येता येता वाचली आणि मी शाळेच्या वेळेत त्या रस्त्यावर ट्रक बंद करून घेतले. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आज नुसती मान हलवली.

४ तारीख, बुधवार
धाकट्या बहिणीने घरी तळ ठोकलाय. प्रभागाचा नकाशा स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला. हिरवी घरं आपली, लाल त्यांची, बाकीची कुंपणावर. शाळेचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल. म्हणते, ताई, तिकडे फिरकूच नकोस, वेळ फुकट जाईल. म्हटलं, आधी तिकडेच जाणार.

हे मुकाट्याने पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. दिवसभर शिवणयंत्रं दुरुस्त करून आलेला माणूस, पण एक घडी वाकडी नाही.

५ तारीख
एकवीस दारं. नऊ तोंडावर बंद. पाय सुजलेत. उद्या परत.

७ तारीख, शनिवार
आज रंगवाल्याच्या दुकानातच शिरले. म्हटलं काय व्हायचं ते होऊ दे. बहीण बाहेरच थांबली.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "बाई, दोन वर्षांत एकदा तरी सकाळी इथे येऊन उभ्या राहिलात का?"

नव्हते राहिले. माल येतो तो नेमका शाळेच्या वेळेत; ट्रक आता कोपऱ्यावर थांबतो, तिथून रंगाचे डबे हातावर वाहून आणावे लागतात. तेवढ्यात त्याचा हमाल दोन हातांत दोन डबे घेऊन आला – एका अंगावर कललेला. तीस वर्षं नर्स आहे, ते चालणं मला कळतं. त्याला बाकावर झोपवलं, पाय उचलायला सांगितला. वीतभरही उचलेना. आजच्या आज दवाखान्यात जा, म्हटलं, आणि डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली.

मत मागायला गेले होते. न मागताच परत आले.

९ तारीख, सोमवार
सकाळी सातला जाऊन उभी राहिले. मुलं येताना पाहिली. त्या फाटकासमोर ट्रक पुन्हा येऊ देणार नाही, काही झालं तरी नाही. पण पोस्टाच्या मागे दोन ट्रक मावतील एवढी जागा मोकळी पडलीये! मागच्या गल्लीतून येता येतं, शाळा लागतच नाही, आणि दुकानांची मागची दारं तिथून चार पावलांवर. पावलं मोजून आले. मला हे आधी दिसलं नाही, कारण ट्रकबंदीचा ठराव मी टेबलाशी बसून लिहिला.

१० तारीख
पक्षाच्या अध्यक्षांचा फोन. म्हणाले, सभेत ट्रकांचा विषय निघेल, नुसतं "बघू" म्हणा, बघू म्हणायला काय जातं? मी म्हटलं, बंदी राहणार, आणि माझं जे चुकलं तेही सांगणार. निवडणुकीच्या तोंडावर कुणी चूक कबूल करतं का, म्हणाले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. मग फोन ठेवला. सभेला येणार नाहीत बहुतेक.

नाही तर नाही.

१३ तारीख, शुक्रवार
सभा झाली. शाळेचा हॉल भरलेला. अध्यक्षांची खुर्ची रिकामी. रंगवाला पहिल्या रांगेत, शेजारी हमाल, कंबरेला पट्टा. लिहून नेलेलं भाषण पर्समध्येच राहिलं.

म्हटलं, "ट्रक बंद केले ते बरोबर केलं. पुन्हा करीन. पण तुमचा माल कुणाच्या कंबरेवरून येणार, हे मी कुणाला विचारलं नाही. ते चुकलं."

मग पोस्टामागची जागा सांगितली. टाळ्या वगैरे काही नाही. मागून कुणीतरी म्हणालं, आता आठवलं होय! खरं होतं. हो, आताच आठवलं, म्हटलं. त्यावर लोक हसले. ते हसू माझ्यावर होतं की माझ्या बाजूने, कळलं नाही.

१४ तारीख
बहिणीने शाळेच्या रस्त्यावरची सहा घरं लालमधून कुंपणावर आणली. हिरवं एकही नाही.

१८ तारीख, बुधवार
मतदान. सकाळी ह्यांच्याबरोबरच जाऊन आले, मग दिवसभर केंद्राबाहेर उभी. हमाल काठी टेकत आला. माझ्याकडे पाहिलं नाही. बरोबरच आहे, कशाला पाहावं?

१९ तारीख, गुरुवार
सव्वीस मतांनी आले! दोनदा मोजली. बहीण रडली, मी नाही. रंगवाला स्वतः हात मिळवायला आला. पोस्टामागचं काम कधी, एवढंच विचारलं. म्हटलं, पहिल्याच बैठकीत मांडते. या, समोर बसा. येतो म्हणाला.

२० तारीख, शुक्रवार
बहीण तिच्या घरी गेली. दुपारी आम्ही दोघंच. ह्यांनी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला, म्हणाले, "सांगितल्याशिवाय राहवणार नाही. मी तुला मत दिलं नाही. कुणालाच दिलं नाही. कोरी मतपत्रिका टाकली."

का, एवढंच विचारता आलं.

"पाच वर्षं एकटा जेवतोय. हरलीस तर घरी येशील, असं वाटलं."

शपथ सोमवारी दहाला आहे. मी ती घेणार आहे. ह्यांना हे सांगायचं धैर्य अजून झालेलं नाही.