मुक्ताच्या भाषणातला एक शब्द

शनिवार, संध्याकाळ

उद्या पंचवटीतल्या वाचनालयात मुक्ताचं भाषण. ताऱ्यांमधल्या ढगांत कोणकोणते रेणू असतात, हे माझी लेक इतकी वर्षं शोधतेय. त्यातला एक दारूचा. एका पुस्तकात वाचलं होतं मी, तरी आज भाषणाची तयारी करताना तिच्या तोंडून ऐकलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. हे दारूपायीच गेले, अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

"तेवढी दारू वगळ ना गं," मी म्हटलं.

"आई, तोच तर माझा विषय. आणि तिथे ती कोणी पीत नाही."

हसू आलं, मग रडू. तिने हाच विषय का घेतला असेल? विचारवलं नाही. जाऊबाई येतील, शेजारणीच्या कानात कुजबुजतील.

उद्या पहिल्या रांगेत बसेन. मागचे चेहरे मला दिसायचे नाहीत, आणि तिला माझा दिसेल.