दाजींनी मऊ केलेली गाडी

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. (मानेला पट्टा असल्याने तो ताठ उभ्यानेच केला आहे, गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायला बसलो, पण पेन पुढे सरकेना. ताई, तुझ्या नवऱ्याने मला असा हादरा दिलाय की हा पट्टा त्याचाच प्रसाद.

चष्मे विकणाऱ्या माणसाला चारशे घोड्यांची गाडी कशाला हवी? पण "जुनी असली तरी जनावर आहे" म्हणत ती दाजींनीच माझ्या गळ्यात मारली. तिचे गिअर आपोआप बदलतात आणि बदलताना किंचित हिसका बसतो. एरवी मी तो सोसला असता, पण हिचे दिवस भरत आलेले आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, हिला धक्के नकोत. म्हणून गेल्या आठवड्यात दाजी आले तेव्हा मी हात जोडले, तेवढा हिसका काढा. झालं! दाजींनी लॅपटॉपची वायर स्टिअरिंगखाली खुपसली आणि माझी शिकवणी सुरू. गिअर बदलतो त्या क्षणी गाडीतला कॉम्प्युटर इंजिनाला दटावतो, जरा दम धर. इंजिन जोर आवरतं आणि गिअर अलगद पडतो. याला म्हणे टॉर्क मॅनेजमेंट. दटावणं वाढवलं की गाडी मऊ. (एवढंसं सांगायला दाजींना दोन चहा लागले, पण ते तुला नवीन नाही.)

आता गोम अशी, की दाजींची सगळी गिऱ्हाइकं शर्यतवाली. त्यांना दटावणं नको, जोर हवा. त्यामुळे दाजींनी उभ्या जन्मात लॅपटॉपवरचा तो दटावण्याचा आकडा फक्त कमी केलेला. माझ्याशी बोलता बोलता हाताने सवयीचं काम करून टाकलं, वाढवायचा तो कमी केला. बरं, नंतर स्वतः फेरी मारून आले आणि म्हणाले, "लोणी! निव्वळ लोणी!" ज्याचं कंबरडं वर्षानुवर्षं असले हिसके खात आलंय, त्याला ते लोणीच वाटणार गं! आणि दाजींच्या शब्दावर मी गाडी बाहेर काढूनही पाहिली नाही.

परवा सकाळी हिला कळा सुरू झाल्या. हिला मागे निजवलं, सासूबाई पुढे बसल्या. फाटकाबाहेर दुसरा गिअर पडला आणि मला वाटलं, मागून ट्रकच धडकला. सासूबाईंचा चष्मा (माझ्याच दुकानातला, घसरणार नाही अशी हमी दिलेला) उडून समोरच्या काचेवर आपटला. तिसऱ्या गिअरला त्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हळू जावं तर गिअर सारखा बदलतो, जोरात जावं तर दणका मोठा. इकडे आड, तिकडे विहीर. मागे ही प्रत्येक हिसक्याला ओरडत होती. हिला काही झालं तर? बाळाला काही झालं तर? ताई, आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. चौकात हवालदाराने अडवून शर्यत लावता काय असं विचारलं. सासूबाईंनी मागच्या सीटकडे बोट दाखवलं, तसा तो शिट्टी तोंडात तशीच ठेवून बाजूला झाला. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं आणि माझा चेहरा पाहून वॉर्डबॉयने आधी मलाच त्यावर आडवं केलं. ही आपली चालत आत गेली.

तेव्हा दाजींना लॅपटॉपसकट ताबडतोब पाठव. गॅरेजवाला म्हणतो, असंच चाललं तर गिअरबॉक्सचा भुगा होईल. आणि माझ्यातर्फे त्यांना चार शब्द सुनाव. मी पडलो धाकटा, मला सुनावता येत नाही.

तुझा,
ताठ मानेचा भाऊ

ता. क. : या गडबडीत मुख्य गोष्ट राहिलीच. तू आत्या झालीस! मुलगी. दोघी ठणठणीत आहेत. तिला पाहिलं आणि मी रडलो (मान न हलवता).

ता. क. २ : हिने पत्र वाचलं. म्हणते, ते ओरडणं सगळंच कळांचं नव्हतं. नऊ महिने सगळ्यांनी जपून जपून जीव नकोसा केला होता, त्या दिवशी पहिल्यांदा मजा आली. दाजींना पाठवू नये, गाडीला हात लावू देणार नाही.

ता. क. ३ (ही झोपल्यावर) : दाजींना पाठवच, पण गुपचूप. मात्र आधी गाडी सापडायला हवी. जरा चक्कर मारून येते म्हणून सासूबाई सकाळी ती घेऊन गेल्या, त्या अजून आलेल्या नाहीत. त्यांना गाडी चालवता येते हे मला आजच कळलं.