चिमणीचं अडकलेलं चाक

रविवार, संध्याकाळ. घिवली

चाक निघालं. पण त्याचं एक पातं वाकलं, आणि ते मीच वाकवलं, हे इथे तरी लिहून ठेवतो.

स्वयंपाकघरातली चिमणी घरघरत होती, म्हणून सकाळी मोटर खाली उतरवली. दांड्यावरून पंख्याचं चाक काढून साफ करायचं, एवढंच काम. स्क्रू काढला, तेल सोडलं, ओढलं. हलेना. खाऱ्या हवेने गंजून बसलं असणार, असं मीच ठरवलं आणि हातोडी घेतली. एवढी घाई कसली होती मला?

चौथ्या घावाला पातं वाकलं. आई म्हणाली, "चा पी आदी. तवर मी मळ काढते याचा." अंबाड्यातला आकडा काढून ती स्क्रूच्या भोकातला चिकट मळ खरवडत बसली. मग म्हणाली, "अरे, आत आजून एक स्क्रू हाय."

एकाच भोकात, एकाखाली एक. बोईसरच्या कारखान्यात वीस वर्षं फिटर आहे मी. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हेच दाखवतो. आणि घरी?

तो स्क्रू काढला, तर चाक दोन बोटांनी सुटलं.

पातं पकडीने सरळ केलं. तरी चिमणी लावली की बारीक टकटक येते. जेवायला बसताना आईने विचारलंच, "ही टकटक कसली रे?"

"मोटर जुनी झाली," मी म्हणालो.

तिने माझ्या ताटात भात वाढला.

"हां. चार घावांत जुनी झाली."