दर गुरुवारी एक ओटा पुढे

आई, तुझा बाजाराचा नियम आता सरकारी झालाय. हसू नको. खरंच, ठराव झालाय त्याचा, सही-शिक्क्यासकट, आणि तोही पहिल्यांदा इथे बोरिवलीत नाही, पार खाली कोकणात, खाडीकाठच्या एका नगरपंचायतीत. आपल्या मासळी बाजारात तुम्ही बायका दर गुरुवारी एकेक ओटा पुढे सरकायचात ना, तोच. आता तिथल्या बायकाही सरकतात, आणि त्यांचं बघून शेजारच्या दोन गावांतली माणसं विचारायला आलीत. तू म्हणशील, त्यात काय एवढं, ओटे बदलायला ठराव कशाला लागतो. लागतो गं बाई. तुझ्या मुलीची नोकरीच ठराव लिहिण्याची आहे. महापालिकेच्या बाजार खात्यात इतकी वर्षं काढलीत मी, त्यातली निम्मी ठराव लिहिण्यातच गेली.

झालं असं. शहरांनी एकमेकांच्या चांगल्या पद्धती उचलाव्यात असा एक उपक्रम वरून आला. मोठ्या महापालिकेतल्या माणसाने लहान गावात जायचं, आपल्याकडे काय नीट चालतं ते दाखवायचं. माझ्या वाट्याला हे गाव आलं. गावात नवाकोरा मासळी बाजार बांधलेला, फरशी काय, नळ काय, पंखे काय, झकास! आणि आत कुत्रं नाही. बायका सगळ्या बाहेर रस्त्यावर, डोक्यावर प्लास्टिक बांधून बसलेल्या. कारण दार एकच. दाराजवळच्या दोन ओट्यांना गिऱ्हाईक, मागच्या रांगेत बसेल तिच्याकडे माश्या. मग आत जायचं कोणी? पंचायतीने बायकांना शेवटचं सांगितलं होतं, गणपती झाले की आत या, नाहीतर इमारत लग्नाच्या हॉलसाठी भाड्याने देऊ आणि रस्त्यावरूनही उठवू. म्हणजे आतही नाही आणि बाहेरही नाही. चाळीसेक घरांची चूल होती त्यावर.

मी गेले लॅपटॉप घेऊन. पंचायतीच्या सभागृहात बायकांना बसवलं होतं, तरुण मुख्याधिकारी उत्साहाने पडदा सारखा करत होता. मी मुंबईतले बाजार दाखवले, शीतगृह, कॅमेरे, सांडपाण्याची सोय, एकापेक्षा एक फोटो. बायका चहा पीत शांत बघत होत्या. मला वाटलं, जिंकलं. दिवे लागले आणि पुढे बसलेली एक, हिरव्या लुगड्यातली, बशी खाली ठेवून म्हणाली, “फोटो बरे आसत, बाय. पण मागच्या ओट्यार कोण बसतली?”

आई, अगदी तुझा आवाज. तोच सूर, तीच मान तिरकी करून बघण्याची तऱ्हा. मुख्याधिकारी म्हणाला, “आपण चिठ्ठ्या टाकू.” ती म्हणाली, “आणि चिठ्ठीत मागचो ओटो इलो तर जल्मभर थयच कुजू?” मी लॅपटॉप मिटला, खुर्ची ओढून त्यांच्यात बसले आणि तुझी गोष्ट सांगायला लागले.

सांगितलं की आमच्या बोरिवलीच्या बाजारात आधी लवकर येईल तिचा पुढचा ओटा असायचा. माझी आई टेम्पोने धक्क्यावरून माल घेऊन अंधारात पोचायची, तिला पुढची जागा मिळायची. गोराईच्या बायका खाडी ओलांडून बोटीने यायच्या, भरती-ओहोटी सांभाळत, म्हणून उशिरा, म्हणून कायम मागे. आणि त्यांचा माल सगळ्यांत ताजा! मग काय, रोज शिमगा. पाट्या उलटायच्या, बापजादे निघायचे. माझी आई पुढे बसणारी, तिला काय पडली होती? पण एक दिवस तीच उठली आणि म्हणाली, गिऱ्हाईक भांडण बघूक थांबता, मासे घेऊक नाय. तेव्हापासून दर गुरुवारी प्रत्येकीने एक ओटा पुढे सरकायचं, दाराजवळची सगळ्यांत मागे जायची. गुरुवार का, तर त्या दिवशी अर्धं गिऱ्हाईक उपासाचं असतं, सामान हलवायला वेळ मिळतो.

मी सांगतेय आणि मला तो आखाड दिसतोय. मी कॉलेजात. श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार, वर्षातला सोन्याचा दिवस, लोक पिशव्या घेऊन धावत येणार. आणि त्याच्या बरोबर आधीच्या गुरुवारी तुझी पाळी मागे जायची. मी डबा घेऊन आलेय तर तू कोयता, पाट, बर्फाची गोणी सगळं आवरतेयस. मी तुझा हात धरते. “आई, रविवारपर्यंत थांब ना. माझी फी भरायचीय. कोण काय बोलणारेय तुला? नियम तुझाच आहे.” तू हात सोडवून घेतेस आणि सगळा बाजार ऐकेल एवढ्या मोठ्याने बोलतेस, “आपल्या सोयीन चललो तर तो नियम नाय गो, लाड.” गोराईची तुझी मैत्रीण पलीकडून फिदीफिदी हसते, तिच्या गळ्यातला क्रूस हलतो. मला धरणी दुभंगावी असं झालं. चार दिवस तुझ्याशी बोलले नाही मी. तुझ्यावर त्याचा काही परिणाम झाल्याचं आठवत नाही. फी तू भरलीस, कशी ते मला अजून माहीत नाही.

सभागृहात हे वाक्य सांगितलं तेव्हा बायका हसल्या, आणि मला कळलं की आता या आत येणार. हिरवं लुगडं म्हणालं, “तुझी आवस खयची गो?” मी तुझं कोकणातलं गाव सांगितलं. “मग बरोबर,” ती म्हणाली, जणू एवढ्यावर सगळा निकाल लागला.

पण लगेच हो म्हणतील तर त्या आपल्याकडच्या कसल्या! तिने शेजारच्या म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला. “आणि हिका खय फिरवतास? हिका दिसणा नाय. गिराईक हिच्या जाग्यार येता.” मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. मी तुझीच मुलगी, दुसरं काय बोलणार? अपवाद एक केला की दहा होतात, हे मी खात्यात रोज बघते. तर ती शांतपणे म्हणाली, “सारखो कसो? आमी चलत जातलव, ही सरपटत जातली.” बाकीच्या माना हलवायला लागल्या. आणि त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. ज्यांचे डोळे, गुडघे गेलेत त्यांचे ओटे दाराजवळ, कायमचे. फिरायचं ते बाकीच्यांनी. कोण म्हातारी, कोण नाही, ते पंचायतीने नाही, बायकांनीच ठरवायचं.

आई, त्या रात्री विश्रामगृहात मी जेवले नाही. मला तुझा राग आला होता, आता सांगते. शेवटच्या दोन वर्षांत तुझे गुडघे कसे झाले होते! जिना उतरताना तू भिंतीला धरून आडवी आडवी उतरायचीस. तरी पाळी आली की निघालीच मागे, त्या ओल्या फरशीवरून, पाटी फरफटत. मैत्रिणीने एकदा तुझी पाटी उचलायला हात घातला तर तिच्या अंगावर खेकसलीस. मी किती वेळा म्हटलं, सगळ्याजणी राजी आहेत, तू पुढेच बस. तुझं एकच, लाड नको. अगं, तो लाड नव्हता! हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि त्या गावातल्या बायकांना चहाचा कप संपायच्या आत सुचलं. आधी सुचलं असतं तर तुझी शेवटची दोन वर्षं तरी दाराशी, उजेडात गेली असती. याचं मला वाईट वाटतं, अजून वाटतं.

गणपती झाले आणि बायका आत गेल्या. पहिल्या गुरुवारी मुख्याधिकाऱ्याने फोटो पाठवला, सगळ्या सामान उचलून सरकतायत, आणि ती म्हातारी दाराशी पापलेटं मांडून राणीसारखी बसलीय. मी तो फोटो साहेबांना दाखवला आणि म्हटलं, हे आता आपल्या बोरिवलीच्या बाजारात करायचं. साहेब म्हणाले, “मॅडम, आपण शिकवायला गेलो होतो. नगरपंचायतीकडून मुंबई काय शिकणार?” मी म्हटलं, “साहेब, शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. त्यांनी भरून पाठवलीय, आता सांडू नका.” ते हसले. सही मात्र पुढच्या आठवड्यात केली, दोनदा आठवण केल्यावर.

सहीने काय होतंय म्हणा. खरी परीक्षा तुझ्या बाजारात होती. गुरुवारी दुपारी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं. तर म्हातारी व्हायला एकही तयार नाही! “मी कुठे म्हातारी? ती बघ, ती माझ्याहून मोठी.” “मी? माझं लग्न तुझ्यानंतर झालंय!” अर्धा तास हेच चाललं. एक तरुण पोरगी ओरडली, “पुढचे ओटे असे वाटले तर आमची वाट लागेल ना, मॅडम!” तीही खोटं बोलत नव्हती. मी तिला सांगितलं, दाराजवळचे दोनच ओटे, बाकीचे फिरतेच, आणि तुझे गुडघे जातील तेव्हा हाच ओटा तुझा. ती पाटी सावरत खाली बसली. मग गोराईची तुझी मैत्रीण उठली. आता अगदी वाळलीय, काठी लागते. म्हणाली, “मी बसते. माझे पाय गेले, त्यात लाज कसली?” दाराजवळच्या ओट्यावर टेकली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझी आय असती ना, तिने मला आत्ता हाताला धरून उठवलं असतं.” सगळा बाजार हसला. मीही हसले, आणि तशीच बाहेर येऊन रिक्षाच्या रांगेपाशी उभी राहून रडले.

आता पुढच्या महिन्यात आणखी काही गावांतली माणसं आपला बोरिवलीचा बाजार बघायला येणार आहेत. मी त्यांना पडद्यावर काही दाखवणार नाही, गुरुवारी बोलावलंय, उभं राहून बघा म्हणावं. नियम तुझा, दुरुस्ती त्या खाडीकाठच्या बायकांची, आणि मध्ये मी. चांगलं झालंय काम, आई. माझ्या नोकरीतलं सगळ्यांत चांगलं. हे मी कुणासमोरही छातीठोकपणे सांगेन.

फक्त तुझ्यासमोर नाही. हे पत्र पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. तू बाजाराच्या मध्यावर उभी राहून एका वाक्यात माझा ठराव मोडीत काढला असतास, आणि मी, पन्नाशीची अधिकारी बाई, बरोबर असूनही तुझ्यापुढे गप्प बसले असते. तू नाहीस म्हणून मी जिंकले. एकदा तुझ्याकडून हरायला मिळालं असतं, तर हा ठराव मी आनंदाने फाडला असता.