शेठ जेवत नव्हता

प्रिय पोरी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू आधी दचकली असशील, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते, इथे सगळे ठीक आहेत. शेठसुद्धा. 'सुद्धा' अशासाठी, की मध्यंतरी तो हातचा जातो की काय, अशी वेळ आली होती. तुम्हा दोघांचा घटस्फोट झाला तेव्हा मी मनाशी पक्कं केलं होतं, की या घरातलं आता तुला काही कळवायचं नाही. नव्या गावात, नव्या नोकरीत तू नुकती कुठे रुळते आहेस, तुझ्यामागे आमचं लटांबर कशाला. पण शेठ मुळात तुझा. बसडेपोच्या मागे सापडलेलं ते ओलं, कुडकुडणारं पिल्लू तूच स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणलंस. माझ्याकडे कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या बायकांकडे दारात बसून ऐटीत बघतो, म्हणून 'शेठ' हे नावही तूच ठेवलंस. तुझ्या घरमालकाला कुत्रं चालत नाही, एवढ्यासाठीच तो माझ्याकडे राहिला.

सुरुवात पावाच्या तुकड्यापासून झाली. मी मशीनवर पडदे शिवत होते, आणि तो नेहमीसारखा कापडं बेतायच्या टेबलाखाली पसरला होता. चहाबरोबर त्याच्या वाटणीचा तुकडा टाकला, तर नुसता हुंगला आणि मान वळवली. म्हटलं, असेल पोट जड. दुसऱ्या दिवशी भात तसाच. उकडलेलं अंडं तसंच. गंमत म्हणजे, वाडगं वाजलं की उठून यायचा. वाकायचा, जिभेचं टोक लावायचा आणि माझ्याकडे असं बघायचा, की जणू मीच त्यात काही कालवलंय. मग हळूहळू परत टेबलाखाली. मी गोंजारलं, दटावलं, मांडी घालून बसले आणि हातावर घास धरला. माझा हात तेवढा चाटला. शेजारचे रिटायर्ड ड्रायव्हर डोकावून म्हणाले, "वहिनी, वय झालं त्याचं. आता हे असंच चालायचं." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

तुझा नवरा, म्हणजे आता माझा मुलगाच म्हणायचं, लिफ्टची कामं उरकून संध्याकाळी यायचा आणि ग्रीसचे हात न धुताच शेठजवळ फरशीवर बसायचा. एकदा खाली मान घालूनच म्हणाला, "आई, तो तिची वाट बघतोय." तू गेल्यापासून तुझा उल्लेख त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आला, तोही नाव न घेता. मग उठला आणि कपाटाच्या तळातून तुझा निळा स्वेटर काढून आणला. इतके महिने तो तिथे होता हे मला ठाऊकच नव्हतं. शेठने तो हुंगला, त्यावर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले. खाल्लं मात्र काही नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. त्यानंतर जो विचारेल त्याला मी एकच सांगायला लागले, की याने माझ्या सुनेचा ध्यास घेतलाय. सून म्हणायचे मी, आणि कुणी मला टोकलंही नाही.

मग आम्ही दोघं त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलायला तुटक. त्यांनी विचारलं, "घरात काही बदल झालाय का? कुणी गेलंय?" आम्ही दोघं भिंतीवरच्या मांजरांच्या तक्त्याकडे बघत राहिलो. शेवटी मीच म्हटलं, सून गेली. त्यावर हा म्हणाला, "मी गाडी नीट लावून येतो," आणि बाहेर गेला. गाडी नीटच लावलेली होती. बाईंनी पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं. तोंड उघडायला गेल्या तर आपला शेठ, जो झाडूवाल्यावरही कधी भुंकला नाही, तो गुरगुरला आणि त्याने मान हिसडून घेतली. त्यांनी सलाइन लावलं, औषध दिलं आणि म्हणाल्या, "एवढ्यानेही खाल्लं नाही तर परत आणा. भूल देऊन तोंडात बघावं लागेल. या वयात भूल म्हणजे थोडी जोखीम असते, ते आधीच सांगून ठेवते."

खाल्लं नाहीच. पाठीचा कणा हाताला लागायला लागला. दारात येऊन बसणं बंद झालं. गिऱ्हाइकं विचारायची, आज शेठ दुकानात नाहीत का, आणि मला हसू आणता येईना. शेवटी तुझ्या नवऱ्याने रजा टाकली आणि त्याला कडेवर घेऊन जिना उतरला. एरवी जिन्यात कडेवर घेतलेलं त्याला खपत नसे, त्या दिवशी खांद्यावर मान टाकून निमूट गेला.

बाईंनी त्याला आत नेलं, आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. फिनेलचा वास, कोपऱ्यात टोपलीत एक मांजर. हा म्हणाला, "काही बरंवाईट झालं तर तिला कोण सांगणार?" मी म्हटलं, मी सांगेन. तर म्हणाला, "नको. मी सांगेन. तिला ते माझ्याकडून कळायला हवं." मी त्याचा हात धरला. लहानपणानंतर तो मी धरलाच नव्हता, आणि त्याने सोडवूनही घेतला नाही.

बाई बाहेर आल्या त्या हातात स्टीलचा ट्रे घेऊन. ट्रेमध्ये एक दाढ, उभी तडकलेली, मुळाशी पू. "भूक होती याला," त्या म्हणाल्या. "पण चावलं की कळ मस्तकात जात असणार. म्हणून तोंड फिरवायचा." मुलगा म्हणाला, "एवढंच?" बाई म्हणाल्या, "एवढंच म्हणू नका. पू आणखी पसरला असता तर अवघड होतं." मग तो हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मीही. आम्ही शेठला विरहात बसवलं होतं, आणि बिचाऱ्याची दाढ दुखत होती.

आता मऊ भात आणि कुस्करलेलं अंडं असं खातो, की वाडगं सरकत सरकत भिंतीला जाऊन आपटतं. एका बाजूने चावतो, त्यामुळे तोंड वाकडं करून वेडावतोय असं वाटतं. काल शेजारच्या ड्रायव्हरांच्या हातातलं बिस्किट न विचारता घेतलं. ते आणि मी आता पुन्हा बोलतो.

तो जेवत नव्हता तेव्हा तुला लिहायला कितीदा बसले. त्याच्यासाठी तरी ये, असं लिहायचे आणि फाडायचे. आता तो बरा झालाय, त्याचं निमित्त काढून तुला बोलवायची सोय राहिली नाही. पण त्या दिवशी बाकावरून उठताना माझ्या लक्षात आलं, की साऱ्या गल्लीला मी इतक्या खात्रीने जे सांगत फिरले, ते शेठबद्दल नव्हतंच. संध्याकाळी ताट वाढून घेते आणि तू समोर नाहीस म्हणून दोन घासांत उठते, ती मी. तुमच्या दोघांच्या मध्ये मला पडायचं नाही, तुला परत आणायचा डावही नाही. तुमचं तुम्ही मिटवलंत, ते मिटलं. पण माझं तुझ्याशी काही बिनसलेलं नाही, आणि तुझ्याशी नातं ठेवायला मला मुलाच्या लग्नाची गरज वाटत नाही. त्याला मी हे सांगितलंय. तो म्हणाला, "कळव तिला." तेव्हा जमेल तेव्हा ये. शेठला बघायला नव्हे, माझ्याकडे ये. माझ्यासमोर बसून जेव.

तुझीच,
आई