चार बोटं दुमड

चाचा, परवा मी कारखान्यात भांडले. मालकांच्या केबिनमध्ये, एसीच्या गारव्यात, आवाज न चढवता. तुम्हाला जाऊन आता सतरा वर्षं होतील. एवढ्या काळात तुम्हाला सांगावं असं पुष्कळ घडलं, पण कागद घेऊन बसावं असं पहिल्यांदाच वाटलं, कारण हे भांडण मुळात तुमचं होतं. तुम्ही ते फरशीवर मांडी घालून केलं होतं, मी खुर्चीत बसून केलं, एवढाच फरक. आणि जिंकले. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला दम म्हणून नव्हता. कुणी काही सांगायला लागलं की मधेच तोडायचात, "ते ऱ्हाऊ दे, शेवटी काय झालं ते सांग की."

मी आता चिंचोळी एमआयडीसीत, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात कटिंगची प्रमुख आहे. होय, मीच. जिच्या हातात तुम्ही पहिले आठ महिने कात्री दिली नव्हती, तीच. माझं टेबल तुमच्या टेबलाच्या चौपट लांब आहे. कापडाचे थर मशीन अंथरतं, कापायच्या मापाचे फर्मे कॉम्प्युटर काढतो, पुठ्ठा कुठे दिसतसुद्धा नाही. पण पातं फिरायच्या आधी कटिंगच्या कागदावर माझी सही लागते, ती नसेल तर एक धागा कापला जात नाही. ही सही मला कुणी हौसेनं दिलेली नाही. मला प्रमुख म्हणायला त्यांना चार वर्षं लागली. तोवर काम मी करायचे आणि सही माझ्यानंतर आलेला एक माणूस करायचा. त्यावरून मी एकदाही भांडले नाही. घरी मुलगी चिडायची, "अम्मा, तुला काहीच कसं वाटत नाही?" वाटायचं की. पण तुमचा तो खिडकीच्या मशीनचा दिवस आठवायचा आणि मी गप्प बसायचे.

तुम्हाला तो दिवस आठवायचं कारण नाही, मला मात्र मिनिटन् मिनिट आठवतो. शेठच्या शिलाई वर्कशॉपमध्ये तुमच्या हाताखाली येऊन मला वर्षसुद्धा झालं नव्हतं. सव्वीस वर्षांची होते, नवरा पॉवरलूमवर, मुलगी दुसरीत. मे महिन्यातली दुपार, जूनच्या ऑर्डरींची घाई, पत्रा नुसता तापलेला. खिडकीजवळच्या मशीनवर मी रोज बसायचे, तिथं जरा वारा लागायचा. जेवून हात धुऊन येते तर दुसरीच बाई तिथं ठाण मांडून बसलेली. मी जे तोंड सोडलं ते आधी मराठीत, मग आमच्या तेलुगूत. सगळ्या मशिनी थांबल्या. तुम्ही कटिंगच्या टेबलाआडून सावकाश आलात, कानामागे खडू, आणि मला विचारलंत, "मशीनवर नाव कोरलंय का गं तुझं?"

"तसं न्हाय चाचा, पण मी रोज हितंच बसती. तिनं इचारायला पायजे हुतं की न्हाय?"

"पायजे हुतं. न्हाय इचारलं. मंग? कायकू गळा काढतीस?" तुम्ही माझ्या मशीनवरचा अर्धा शिवलेला स्कर्ट उचललात आणि माझ्यासमोर धरलात. "तुला वारा न्हाय मिळाला, तर तू हाईस की हितं. तोंड हाय तुला, चांगलं धारदार हाय. आज न्हाय, उद्या मिळवशील. पण ही घालणारी पोरगी हितं हाय का? तिला म्हाईत तरी हाय का, आपण हितं काय कमी करतोय, काय जास्ती करतोय ते? तिच्या वाटचं कोण भांडणार? जो हितं न्हाय ना बेटी, त्याच्यासाठी भांडायचं. आपलं आपण बघून घेतो." मग त्या बाईकडे वळून म्हणालात, "आणि तू, उद्यापासून एक दिवसाआड." झालं, मिटलं. मला तेव्हा तुमचा राग आला होता. माझी बाजू घेतली नाहीत म्हणून दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही, म्हणून आणखी राग आला.

तुमचं स्वतःचं भांडण मी बघितलं ते त्यानंतर महिन्याभरानं. स्कर्टाची खालची दुमड चार बोटं, हे तुमचं ठरलेलं. फर्म्यात ती धरलेलीच नसायची. फर्म्याची रेघ संपली की तुम्ही कापडावर हात आडवा ठेवायचात आणि करंगळीच्या कडेला खडूनं दुसरी रेघ ओढायचात. मूल वाढतं, आई दर वर्षी एक-एक बोट उसवते आणि एकच स्कर्ट तीन-चार वर्षं जातो. शेठ त्या दिवशी कुणाचंतरी ऐकून आले होते की बाकीचे लोक दीड बोट सोडतात, तुम्हीच कापड वाया घालवता. तुम्ही कधी कुणाला उलटून न बोलणारे. शेठनी पंखा तुमच्या टेबलावरून काढून ऑफिसात नेला तेव्हा तुम्ही "गर्मी आपली जुनी हाय" म्हणून हसला होतात. आणि आता मी बघतेय, तुम्ही खडू टेबलावर ठेवताय, चप्पल काढताय आणि फरशीवर मांडी घालून बसताय.

"नक्को शेठ. दीड बोटाचं माझ्या हातून हुणार न्हाय. दुसरा मास्तर बघा."

शेठ ओरडतायत, तुम्ही चहा मागवताय. शेठ बाहेर जाऊन पुन्हा येतायत, तुम्ही बशीत चहा ओतून फुंकर मारताय. शिवायला कापडच येत नाही म्हणून आमच्या मशिनी बंद. शेवटी दिवेलागणीला शेठ दारातूनच म्हणाले, "बरं, काप बाबा तुझी चार बोटं." तुम्ही उठलात, गुडघे चोळलेत आणि कामाला लागलात. ना हसलात, ना कुणाकडे बघितलंत. मी घरी गेले आणि मुलीचा स्कर्ट उलटा करून त्याची दुमड मोजली.

आणि मग माझी ती चूक. तुम्ही अक्कलकोटला लग्नाला गेलात आणि बार्शीच्या एका शाळेचं कापड मला कापायला सांगून गेलात. पहिल्यांदाच. मी काय फुशारले होते! तुम्ही करायचात तसंच सगळं केलं, फर्म्याच्या खाली हात आडवा ठेवला, चार बोटं मोजली आणि रेघ ओढली. दोनशे स्कर्ट. तुम्ही परत आलात, एका स्कर्टाच्या दुमडीवर नुसता पंजा ठेवलात, तर तुमची करंगळी कापडाच्या बाहेर. मी माझी चार बोटं मोजली होती, चाचा! माझी ही काडीसारखी बोटं. जुन्या फर्म्याचा पुठ्ठा घेतलात, त्यावर हात ठेवलात, दोन्हीकडून खडू फिरवलात, कात्रीनं पट्टी कापलीत आणि माझ्या हातात दिलीत. "ही माझी बोटं. जवळ ठेव. मी काय रोज असणार हाय का?" शेठना तुम्ही काय सांगितलंत ते मला कळलं नाही. मला कुणी काही विचारलं नाही, एवढं खरं.

त्या दोनशेंतला एक स्कर्ट मला पुढे भेटला, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. चार वर्षांनी बार्शीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होते. समोर शाळेची एक मुलगी उभी होती, दप्तर पुढे धरून. स्कर्टाची सगळी दुमड उसवलेली, जुन्या घडीची फिकट रेघ दिसत होती, आणि त्या रेघेपासून काठापर्यंत किती अंतर होतं ते मला मोजावं लागलं नाही. त्याच्याखाली आईनं दुसऱ्याच निळ्या कापडाची एक बोटाची पट्टी जोडली होती. निळ्याला निळं जुळत नव्हतं. मुलगी ती पट्टी दप्तरानं झाकत होती. एसटी आली, ती चढली, मी तिथंच उभी राहिले आणि माझी गाडी सुटली. लाज वाटली, दुसरं काय. भांडणाबद्दल तुम्ही जे सांगितलं होतं ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर मी कमी भांडले, पण चांगली भांडले. घराच्या वाटणीत पुढची खोली दिराला गेली, जाऊ दिली. दहावीनंतर मुलीची शाळा बंद करायची असं सासूबाईंनी घरात ठरवलं, तेव्हा मुलगी घरात नव्हती, वर्गात होती. त्या दिवशी मी आमच्या स्वयंपाकघरात तुमच्यासारखी मांडी घालून बसले. भाकरी थापली नाही की चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईच म्हणाल्या, शिकू दे तिला. ती आज पुण्याला नर्स आहे.

एक मात्र तुमचं मला पटलं नाही, आणि आता तुम्ही काही उलट बोलू शकत नाही तर सांगूनच टाकते. तुमच्या टेबलावर एक चाळीसचा पिवळा बल्ब होता. त्याच्या उजेडात तुम्ही डोळे घालवलेत. शेवटच्या वर्षी खडूची रेघ तुम्ही बोटांनी चाचपायचात आणि वर आम्हाला सांगायचात, खडूच हलका येतो आजकाल. एक ट्यूबलाइट, चाचा! ती मागितली नाहीत. "आपलं आपण बघून घेतो" म्हणालात, पण कुठे बघितलंत? मी प्रमुख झाल्यावर पहिल्याच महिन्यात कटिंग टेबलावर आठ ट्यूब लावून घेतल्या. मॅनेजर म्हणाले एवढ्या कशाला, मी म्हटलं माझ्या डोळ्यांसाठी. ते भांडण मी माझ्यासाठी केलं, तुम्हाला न विचारता, आणि पुन्हाही करीन.

आता परवाचं. नवे मॅनेजर आलेत, हुशार आहेत, कष्टाळू आहेत, वाईट माणूस नाही. मोठ्या ऑर्डरीचा कटिंगचा कागद माझ्यापुढे आला, त्यात दुमड एक इंच. मी सही न करता परत पाठवला. ते स्वतः आले. "मॅडम, एक इंच म्हणजे कॉम्प्युटरनं काढलेलं माप आहे."

"कॉम्प्युटरला पोरं वाढलेली कुठं दिसत्यात साहेब? पुढच्या वर्षी आई काय उसवणार?"

"पुढच्या वर्षी नवा घेतील. आपल्याला चांगलंच आहे की."

मी तरीही सही केली नाही. दिवसभर टेबल रिकामं राहिलं आणि खालचे शंभर हात माझ्यामुळे बसून राहिले, त्याचं ओझं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी निरोप आला, उद्या मालकांच्या केबिनमध्ये या. नोकरी जाईल हे धरूनच मी गेले. चोपन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण घेतंय? पण मनात धाकधूक नव्हती. पिशवीत दोन वस्तू होत्या, पुठ्ठ्याची पट्टी आणि मुलीचा दुसरीतला स्कर्ट.

मालकांनी विचारलं, "सही नाही केली तर काम सोडावं लागेल, हे कळतंय ना?"

"कळतंय साहेब. सोडते. पण माझ्या सहीनं एक इंच जाणार न्हाय."

मग मी स्कर्ट त्यांच्यासमोर पसरला. दुसरी ते पाचवी, एकच स्कर्ट. खाली तीन फिकट रेघा आहेत, दर जूनला मी उसवलेल्या. मालक म्हातारे आहेत, कमी बोलतात. त्यांनी स्कर्ट उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि एक-एक रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझी आईसुद्धा उसवायची." स्कर्ट घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिला. "ही ऑर्डर तुमच्या मापानं कापा. पुढच्याचं पुढं बघू." मी म्हटलं, "पुढच्या येळेला पण मी येणार साहेब." ते हसले. मॅनेजर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. नाही बोलले तर नाही, मी आहे की इथं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. ड्रॉवरमध्ये पट्टीखाली ठेवून देईन. पण पट्टीचं एक सांगायचं राहिलं. केबिनमध्ये ती टेबलावर ठेवून मी ठणकावून म्हटलं, "हे माझ्या उस्तादांचं माप हाय." ते तंतोतंत खरं नाही. तुम्ही दिलेली पट्टी चार-पाच वर्षांतच कडेनं झिजली. मी तिच्यावरून दुसरी कापली, दुसरीवरून तिसरी, आताची सहावी आहे. दर वेळी कापताना मला बार्शीच्या स्टँडवरचं ते न जुळणारं निळं दिसायचं आणि मी कात्री रेघेच्या जरा बाहेरून चालवायचे. जराच. काल घरी आल्यावर पहिल्यांदा इंचपट्टी लावून बघितली, तर कुणाच्याही चार बोटांत बसणार नाही एवढी ती रुंद झाली आहे. तुमचा हात नक्की केवढा होता, ते मला आता सांगता येणार नाही, चाचा.